विसाव्या वर्षी सुभेदार म्हणे!

शुक्रवारी आमच्या टीमच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर साहेबांनी एक फॉरवर्ड ढकलला. रहीम विसाव्या वर्षी गुजरातचा सुभेदार झाला, अकबराने फक्त गुणवत्ता पाहिली, आणि तुम्ही? आता मी अठ्ठावीसचा, अप्रेझल तोंडावर. ते 'आणि तुम्ही?' जरा जास्तच झोंबलं. शनिवार-रविवार त्यातच घालवला.

रहीम म्हणजे अब्दुल रहीम, हिंदीच्या तासाला ज्याचे दोहे घोकले तोच. बाप बैराम खान, म्हणजे पोरवयाच्या अकबराच्या वतीने राज्य चालवणारा माणूस. १५६१ साली पाटणला त्याचा खून झाला तेव्हा रहीम चार वर्षांचा. अकबराने त्याला दरबारात वाढवलं, आपल्या दूधभावाची, अझीझ कोकाची बहीण करून दिली. गुजरातचा आधीचा सुभेदार कोण? हाच कोका! घोड्यांना डाग देण्याच्या नव्या नियमावरून तो बादशहाशी भांडला आणि घरी बसला. १५७६ मध्ये त्याच्या जागी मेव्हणा. याला गुणवत्ता म्हणायचं?

बरं, सुभा चालवत कोण होतं? वजीर खान. मुरलेला सरदार, मुद्दाम सोबत दिलेला. पाटीवर नाव रहीमचं, ओझं याच्या डोक्यावर. तरी घडी बसेना, म्हणून १५७७ मध्ये तोडरमलला जावं लागलं आणि त्याच वर्षी सुभेदारी शहाबुद्दीन अहमद खानाकडे गेली. फॉरवर्डमध्ये यातलं अक्षर नाही.

रहीम कर्तबगार नव्हता असं मी म्हणतच नाही. १५८३ मध्ये मुजफ्फर शाहाने अहमदाबाद परत घेतलं, तेव्हा अकबराने त्यालाच पाठवलं. माळव्याची कुमक वाटेत होती, समोर कितीतरी मोठी फौज. हा थांबला नाही. जानेवारी १५८४ मध्ये सरखेजला लढाई मारली आणि बापाची 'खानखानान' पदवी मिळवली. पुढे बाबरनामा तुर्कीतून फारसीत आणला तो वेगळाच. पण सरखेजला तो सत्तावीस वर्षांचा होता हो! मधली सात वर्षं त्याला मिळाली. आमच्याकडे पहिलं रिलीज कोसळलं की दुसरं कोण देतं? आणि वर आमचा बाप बैराम खान नाही, सांगलीला एसटीत कंडक्टर होता.

हे सगळं ग्रुपवर लिहिलं. अर्ध्या तासाने एकाचं उत्तर आलं, "वजीर खान कोण?"

अरे, तेच तर!