टाळी सॅम्पलला की मालाला?



दरवर्षी जून महिन्यात, आपल्या शाळा उघडण्याच्या सुमारास, ॲपल ही कंपनी अमेरिकेत कॅलिफोर्नियात डेव्हलपर लोकांची परिषद भरवते. डेव्हलपर म्हणजे त्या कंपनीच्या फोनसाठी आणि कॉम्प्युटरसाठी ॲप तयार करणारी माणसे. पहिल्या दिवशी जे मुख्य भाषण होते त्याला कीनोट म्हणतात. तिथे सकाळचे दहा वाजतात तेव्हा आपल्याकडे रात्रीचे साडेदहा झालेले असतात. पांडेसऱ्यातल्या मिलमध्ये रात्रपाळी चालू असते, आणि आपल्या वरच्या वर्गातली काही मुले चादरीखाली मोबाइल धरून ते भाषण ऐकत असतात. गूगलची अशीच परिषद मे महिन्यात होते. तेव्हा सुट्टी असते, म्हणून ती पालकांच्या लक्षात येत नाही एवढेच!

दुसऱ्या दिवशी वर्गात निकाल लागलेला असतो. "यंदा काही दम नव्हता" किंवा "यंदा तर धमाल केली." घरी त्या धमालीचे रूपांतर नव्या फोनच्या हट्टात होते आणि मग पालक शाळेत येऊन मोबाइलला दोष देतात.

मुलांनी हे भाषण पाहू नये असे मला मुळीच वाटत नाही. त्यांच्यातले काहीजण पुढे हेच काम करणार आहेत. माझी तक्रार पाहण्याच्या रीतीबद्दल आहे. आपली मुले कीनोट क्रिकेटच्या मॅचसारखी पाहतात. खरे तर ती सुरतच्या व्यापाऱ्याने सॅम्पल पाहावे तशी पाहायला हवी.

त्या सभागृहात कोण बसते ते आधी पाहू. २०१३ साली या परिषदेचे तिकीट १,५९९ डॉलर होते आणि सगळी तिकिटे दोन मिनिटांच्या आत संपली. पुढच्या वर्षापासून सोडत काढावी लागली. एवढा पैसा खर्च करून माणूस केवळ टाळ्या वाजवायला जात नाही. त्याची रोजीरोटी त्या भाषणात अडकलेली असते. त्याच २०१३ च्या कीनोटमध्ये आयफोनच्या नव्या प्रणालीत टॉर्चचे बटण आयते आले. आपल्याला ती सोय वाटली. पण त्या आधी टॉर्चची वेगळी ॲप विकणारे कितीतरी लोक होते, त्यांचा धंदा त्या एका बटणाने बसला. २००२ मध्ये ॲपलच्या 'शेरलॉक' या प्रोग्रॅमची नवी आवृत्ती आली, ती 'वॉटसन' नावाच्या एका छोट्या कंपनीच्या प्रोग्रॅमसारखीच होती. तेव्हापासून मोठ्याने छोट्याचे काम गिळले की डेव्हलपर लोक 'शेरलॉक केले' असे म्हणतात. आपल्याकडे एखाद्याची साडीची डिझाईन सीझनमध्ये चालली की तिची कॉपी रिंगरोडच्या मार्केटमध्ये यायला वेळ लागत नाही, त्यातलाच हा प्रकार. म्हणून सभागृहात टाळ्या होतात तेव्हा कोणीतरी गप्प बसलेला असतो. मुलांनी त्या गप्प माणसाकडे पाहायला शिकावे.

त्या गप्प बसण्यालाही किंमत असते. जून २००७ ची गोष्ट घ्या. पहिला आयफोन विक्रीला यायचा होता. त्यासाठी आम्हाला ॲप कधी करू देणार, ही एकच आशा घेऊन डेव्हलपर आले होते. स्टीव्ह जॉब्ज यांनी सांगितले की वेगळे ॲप करण्याची गरज नाही, वेबसाइटसारखे काहीतरी करा, ते आयफोनच्या ब्राउझरमध्ये चालेल. त्यांनी ते मोठ्या गोड शब्दांत सांगितले, पण सभागृह थंड राहिले. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये जॉब्ज यांनी ॲप करण्याची परवानगी जाहीर केली आणि जुलै २००८ मध्ये सुमारे ५०० ॲप घेऊन ॲप स्टोअर उघडले. केवळ त्या थंडपणामुळे निर्णय फिरला असे मी म्हणणार नाही. कंपनीच्या आतही तसा आग्रह धरणारे होते. पण नाराज डेव्हलपरांनी वरवरच्या टाळ्या वाजवल्या असत्या, तर आतल्या त्या लोकांचे म्हणणे आणखी दुबळे पडले असते.

दुसरा प्रसंग १९९७ च्या परिषदेतला. जॉब्ज ॲपलमध्ये नुकतेच परत आले होते आणि श्रोत्यांच्या प्रश्नांना उत्तरे देत होते. ॲपलने 'ओपनडॉक' नावाचे एक तंत्र तेव्हा बंद केले होते. त्यावर मेहनत घेतलेले लोक दुखावले होते. एक श्रोता उठला आणि भर सभेत त्याने जॉब्ज यांना सुनावले की तुम्हाला या विषयातले काही कळत नाही, आणि गेली सात वर्षे तुम्ही काय करत होता तेही सांगा. जॉब्ज काही क्षण बोललेच नाहीत. मग त्यांनी कबूल केले की या गृहस्थांचे म्हणणे काही बाबतींत बरोबर असेल. पण सुरुवात ग्राहकाला काय हवे तिथून करायची आणि मग तंत्राकडे यायचे, उलटे नाही, असे त्यांनी शांतपणे समजावले. आजही लोक तो तुकडा शोधून पाहतात. मला त्यात दोघेही आवडतात. विचारणाऱ्याची भाषा मात्र आपल्या विद्यार्थ्यांनी उचलू नये, हे शिक्षक म्हणून सांगणे भाग आहे!

२०१९ मध्ये ५,००० डॉलरच्या पडद्याचा नुसता स्टँड ९९९ डॉलरला, असे मंचावरून सांगितले तेव्हा सभागृहात कुजबुज उठली आणि बोलणाऱ्याचीही जरा गडबड झाली. दुसऱ्याच वर्षी करोना आला आणि कीनोट आधी चित्रित करून दाखवली जाऊ लागली. साथ ओसरल्यावर २०२२ मध्ये डेव्हलपरांना पुन्हा बोलावले, पण बोलावून दाखवली ती फिल्मच. फिल्मला कुजबुज ऐकू येत नाही. आपली जुनी संगीत नाटके आठवा. प्रेक्षकांच्या वन्समोरला गायकाला थांबावे लागे आणि पद पुन्हा म्हणावे लागे. नाटक न रंगल्यास तेही तिथेच कळे. मंचावरचा माणूस आणि समोरचा माणूस यांच्यातला हा व्यवहार आता उरलेला नाही, आणि मला वाटते यात नुकसान ऐकणाऱ्याचे आहे.

आता मालाकडे येऊ. १० जून २०२४ च्या कीनोटमध्ये ॲपलने दाखवले की सिरी यापुढे तुमचे मेसेज, ईमेल ध्यानात घेऊन कामे करील. त्या दिवशी शेअरचा भाव सुमारे दोन टक्के उतरला, दुसऱ्या दिवशी सात टक्क्यांहून अधिक चढून विक्रमी पातळीवर गेला. एकाच भाषणावर चोवीस तासांत दोन निकाल! त्यानंतर नवे आयफोन याच गोष्टींची जाहिरात करून विकले गेले. मार्च २०२५ मध्ये कंपनीने सांगितले की सिरीच्या त्या सोयींना वेळ लागेल. अमेरिकेत ग्राहक कोर्टातही गेले. ज्याने २०२४ मध्ये त्या सोयीसाठी हप्त्यावर फोन घेतला, त्याचे हप्ते चालू राहिले आणि सोय आली नाही. मार्केटमध्ये बसणारे पालक हे माझ्यापेक्षा चांगले जाणतात. सॅम्पल पाहून ऑर्डर देतात, पण आलेला ताका उघडून पाहिल्याशिवाय पैसे सोडत नाहीत.

आपल्या भाषेचे काय, हाही प्रश्न प्रत्येक वेळी विचारावा. ॲपलच्या त्या नव्या सोयी २०२४ मध्ये आल्या त्या आधी फक्त अमेरिकन इंग्रजीत. गूगलचा असिस्टंट मराठी बोलू लागला ती घोषणा ऑगस्ट २०१८ मध्ये दिल्लीतल्या कार्यक्रमात झाली. गूगलचे जेमिनी ॲप जून २०२४ मध्ये भारतात आले, तेव्हा नऊ भारतीय भाषांत मराठीही होती आणि गुजरातीही. कॅलिफोर्नियातल्या मोठ्या मंचाकडे डोळे लावून बसलेल्या आपल्या मुलांपैकी किती जणांनी या बातम्या वाचल्या असतील? ज्या मुलाची आई घरी अहिराणी बोलते, शाळेत मराठी, बाजारात गुजराती आणि कारखान्यात हिंदी ऐकते, त्याने तरी हे विचारलेच पाहिजे की हे यंत्र माझ्या आईशी बोलेल का.

विश्वस्तांसाठी एक शब्द. शाळांनाही सॅम्पल दाखवणारे येतात. स्मार्ट बोर्डवर पृथ्वी गरगर फिरते, हृदय धडधडते, आणि पाहणारे खूश होतात. तेव्हा वीज गेली तर काय, दुरुस्तीला माणूस किती दिवसांत येईल, मराठीत पाठ किती आहेत, हे प्रश्न विचारायला मंडळात एकजण तरी गप्प बसलेला हवा.

माझी एक सूचना आहे. पुढच्या जूनमध्ये मुलांनी रात्री जागू नये. भाषणाची चित्रफीत नंतरही मिळते. शनिवारी शाळा सुटल्यावर कॉम्प्युटर रूममध्ये सगळ्यांनी मिळून ती पाहावी आणि वहीत तीन रकाने आखावेत: काय दाखवले, कधी देणार म्हणाले, कोणत्या भाषेत. चौथा रकाना कोरा ठेवावा आणि वही ग्रंथालयाच्या कपाटात ठेवावी. त्याच्या पुढच्या जूनमध्ये नवे भाषण लावण्याआधी तो चौथा रकाना भरायचा. दहावीची मुले तोवर अकरावीत गेलेली असतील, पण त्यांनाही त्या दिवशी बोलावू.