विंचवाचे बिऱ्हाड

नवा संगणक घरी आला की आनंद होतो हे खरे. परंतु पहिला आठवडा जातो तो हरवलेल्या वस्तू शोधण्यातच. टिपणे आणि निबंध पेन ड्राइव्हमधून येतात. मात्र आपण एकेक करून शुद्धलेखनाच्या कोशात घातलेले मराठी शब्द, ब्राउझरमधल्या खुणा, हाताला सरावलेली मांडणी हे सारे जुन्या यंत्रातच राहते. दुकानदार म्हणतो, ‘सगळे नवीन टाकून देतो.’ आपणही मान डोलावतो. मला हे मुळीच पटत नाही.

असे का होते? विंडोजमध्ये सॉफ्टवेअर बसवले की त्याचा संसार विखुरतो. मूळ फायली एका जागी, सेटिंग ‘अ‍ॅपडेटा’ या लपलेल्या फोल्डरात आणि उरलेल्या नोंदी रजिस्ट्री नावाच्या दप्तरात. १९९५ च्या विंडोज ९५ पासून या दप्तराचे महत्त्व फारच वाढले. पोर्टेबल सॉफ्टवेअर याच्या अगदी उलट वागते. त्याचे सारे सामानसुमान एकाच फोल्डरात असते. जॉन हॅलर यांनी २००४ मध्ये फायरफॉक्सची अशी आवृत्ती काढली, आणि पुढे लिबरऑफिससारखी शेकडो सॉफ्टवेअर त्या वाटेने आली. प्रोग्रॅम बंद करावा, फोल्डर उचलावा, नव्या यंत्रात ठेवावा. कोशातल्या शब्दांसकट सारे हजर!

माझे आईवडील ऊसतोडीला जातात. दरवर्षी दिवाळीच्या सुमारास बिऱ्हाड निघते. तवा, परात, मिठाचा डबा एकाच गोणीत असतो. म्हणून कोपी उभी राहताच चूल पेटते. ज्यांना एका जागी राहता येत नाही, त्यांना ही शिस्त आपोआप येते. आमच्यापैकी कित्येकांचा संगणकही असाच आहे. आज महाविद्यालयाचा, उद्या मित्राचा, परवा कुणीतरी वापरून विकलेला.

अर्थात सर्वच काही गोणीत मावत नाही. इन्स्क्रिप्ट कळफलक आणि फॉन्ट ही विंडोजची मालमत्ता. ती नव्या यंत्रावर पुन्हा लावावी लागतात. युनिकोडपूर्व फॉन्टात टंकलेला जुना लेख तो फॉन्ट नसेल तर नुसता अगम्य चिन्हांचा खच दिसतो. क्रोमने जपलेले पासवर्ड त्या यंत्रावरील खात्याच्या किल्लीने कुलूपबंद असतात, म्हणून फोल्डर नेऊन भागत नाही; जुने यंत्र हातचे जाण्यापूर्वीच ते निर्यात करून घ्यावेत. आणि विकतच्या सॉफ्टवेअरची जी फुकट ‘पोर्टेबल’ प्रत कुणी हातावर ठेवतो, ती बहुधा चोरीची असते, कधी विषाणूसह. तिच्या वाटेला जाऊच नये.

काही प्राध्यापक म्हणतील, आता सारे ‘क्लाउड’वर असते, मग ही उठाठेव कशाला? सर, आमच्या तांड्यावर पावसाळ्यात वीजच तीन दिवस नसते. शिवाय गूगलच्या मोफत पंधरा जीबीत जून २०२१ पासून नवे फोटोही मोजले जातात. ती जागा घरातल्या लग्नाच्या फोटोंनी केव्हाच भरलेली असते.

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चा नेहमीचा आधार संपला. पुष्कळ जुनी यंत्रे विंडोज ११ च्या अटींत बसत नाहीत, तेव्हा यंत्रबदल आता घरोघरी होणार. आपल्या संगणक कक्षात पेन ड्राइव्हवरील प्रोग्रॅम चालू दिले जात नाहीत. विषाणूंची भीती खोटी नाही. तक्रार बंदीविषयी नाहीच. कक्षाने स्वतः तपासलेला एक संच, त्यात लिबरऑफिस, फायरफॉक्स आणि मराठी शुद्धलेखनाचा कोश, एका सामायिक फोल्डरात ठेवावा आणि प्रत्येक विद्यार्थ्याला त्याची प्रत घेऊ द्यावी. एका दुपारचे काम आहे, आणि तृतीय वर्षाचे प्रकल्प सुरू होण्यापूर्वी ते सहज उरकता येईल.