तिकीट काढले म्हणून डबा आपला होत नाही

छत्तीसगडमधली रायपूर-अभनपूर मेमू गाडी 30 मार्च 2025 रोजी सुरू झाली. तिचे तिकीट काढले म्हणून डबा आपला होत नाही, हे कोणाला समजावून सांगावे लागत नाही. पण अभनपूरचा राइस मिलवाला काय नि रायपूरचा सीए काय, ‘विंडोज विकत घेतली’ असेच म्हणतो. विकत घेतलेले असते ते यंत्र. विंडोजची मिळते ती वापरायची परवानगी, अटींसह. यावर कोणी म्हणेल, सुप्रीम कोर्टाने 2004 मध्ये टीसीएसच्या खटल्यात तयार सॉफ्टवेअरला ‘माल’च ठरवले होते ना? ठरवले होते, पण प्रश्न विक्रीकराचा होता. पुस्तकाची प्रत घेणारा जसा कॉपीराइटचा धनी होत नाही, तसेच हे.

अटींचा विषय निघाला की बोट चोरीच्या कॉपीकडे जाते. मला जास्त काळजी वाटते ती पैसे मोजून अस्सल विंडोज घेणाऱ्यांची. नेहमीचे चित्र असे: ऑफिसात एक बऱ्यापैकी संगणक, त्यावर हिशेबाचे टॅली सॉफ्टवेअर, मुनीमजी मिलमध्ये, मालक रायपूरच्या घरी, सीएचा माणूस तिसरीकडेच, आणि तिघेही रिमोटने एकाच वेळी त्या एकाच संगणकात शिरलेले. विंडोज प्रो मुळात एका वेळी एकालाच आत घेते, म्हणून संगणकवाला एक पॅच टाकून देतो. टॅलीचा मल्टी-यूजर परवाना आहे, मग झाले, अशी समजूत. पण टॅलीचा परवाना टॅलीपुरता. विंडोज 10 आणि 11 च्या करारात संगणक सर्व्हर म्हणून वापरायला मनाई आहे. फाइल आणि प्रिंटर वाटून घेण्यासाठी 20 यंत्रांपर्यंत मुभा आहे. तिघांनी एकदम आत बसून काम करण्याची नाही. त्यासाठी विंडोज सर्व्हर लागतो, वर माणसागणिक किंवा यंत्रागणिक कॅल, म्हणजे त्यात शिरण्याचा परवाना, आणि रिमोटसाठी आणखी आरडीएस कॅल. गंमत म्हणजे, ‘विंडोज होम’ हे नाव बघून ती आवृत्ती दुकानात चालत नाही असे मानणारेही भेटतात. करारात तशी बंदी नाही.

एवढ्याशा गावात तपासायला कोण येतो, हा आक्षेप खोटा नाही. कॉपीराइट कायद्याच्या कलम 63ब नुसार बेकायदा कॉपी जाणूनबुजून वापरल्यास 7 दिवसांपासून 3 वर्षांपर्यंत कैद आणि 50 हजार ते 2 लाख रुपये दंड आहे. कैद माफ करण्याची सवलत धंद्यासाठी वापरणाऱ्याला नाही. पॅचचे प्रकरण या कलमात बसेलच असे मी म्हणणार नाही. पण विंडोजचा अपडेट आला की तो पॅच मोडतो, म्हणून अपडेटच बंद करून ठेवतात, आणि इंटरनेटवर उघडा ठेवलेला रिमोट डेस्कटॉप ही रॅन्समवेअरची आवडती वाट आहे. वहीखाते कुलूपबंद झाले तर पोलिसांची वाट पाहायला नको.

करार लांबलचक, इंग्रजी आणि एकतर्फी असतो, ही तक्रार मात्र मला पूर्ण मान्य आहे. दुकानदार तो वाचत नाही यात नवल नाही; विकणाराही सांगत नाही, हे वाईट. यंत्रासोबत आलेली ओईएम विंडोज त्या यंत्राबरोबरच संपते आणि रिटेल दुसऱ्या यंत्रावर नेता येते, एवढासुद्धा फरक अनेक बिलांवर नसतो. पुढचा संगणक घ्याल तेव्हा बिलावर आवृत्ती आणि ‘ओईएम’ की ‘रिटेल’ हे लिहून घ्या, आणि एका वेळी किती जण त्यावर बसणार हे विकणाऱ्याला पैसे देण्याआधी सांगा.