निवड झालीय, पैसे भरा

परवा तिन्हीसांजेला दिवा लावत होते, तेवढ्यात शेजारची नववीतली पोर धावत आली. हातात वडिलांचा मोबाइल. "बाई, माझा निबंध निवडला! ऑल इंडिया!" तिच्यामागून तिचे वडील आले. उद्यमबागेत फाउंड्रीत कामाला असतात, दुसऱ्या पाळीचा डबा हातात होता. म्हणाले, "बाई, एवढं बघा की जरा. पैसे भरा म्हणूलेत. भरू काय?"

मी चष्मा लावून वाचलं. अभिनंदन, आपल्या पाल्याच्या निबंधाची निवड झाली आहे, आयएसबीएन क्रमांकाच्या पुस्तकात तो छापला जाईल, पुस्तकाचे साडेआठशे, ट्रॉफी आणि प्रमाणपत्राचे सहाशे वेगळे, दोन दिवसांत भरावेत. खाली फुलांचे गुच्छ आणि टाळ्या.

निवृत्त झाल्यापासून असले निरोप माझ्याकडे वर्षाला चार-पाच तरी येतात. शाळेत असताना मीच मुलांना स्पर्धांना पाठवत होते, त्यामुळे आईबाप अजून मलाच विचारतात. सरसकट 'नको' म्हणणं सोपं आहे, पण ते खरं नाही.

मी पोरीला एवढंच विचारलं, "तुझ्या वर्गातनं किती जणांनी पाठवला होता?"

"अकरा."

"आणि निवडले किती?"

तिनं बोटं मोजली आणि गप्प झाली. गाइडातला निबंध जसाच्या तसा उतरवून देणारा मुलगाही त्यात होता.

आयएसबीएनचं पुष्कळांना फार अप्रूप वाटतं, म्हणून सांगते. तो पुस्तकाचा ओळखक्रमांक आहे. आपल्या देशात सरकारी यंत्रणेकडून तो विनामूल्य मिळतो. पुस्तक चांगलं की वाईट, याच्याशी त्याचा काही संबंध नाही. अकरावीला प्रवेश देणारं कॉलेज मार्कलिस्ट बघतं, ट्रॉफी बघत नाही.

शुल्क घेतलं म्हणजे लबाडीच, असंही नाही. अमेरिकेत १९२३ पासून चालत आलेली स्कॉलॅस्टिक पारितोषिकं शुल्क घेतात, पण ज्याला परवडत नाही त्याला ते माफ करतात. उलट राष्ट्रकुल देशांतल्या मुलांसाठी १८८३ पासून चालणारी निबंध स्पर्धा एक पैसा घेत नाही. ती इंग्रजीत असते, एवढीच आपल्या पोरांची अडचण. आपल्या पोस्ट खात्यानं २०१७ मध्ये 'ढाई आखर' ही पत्रलेखन स्पर्धा सुरू केली. पत्र हातानंच लिहायचं, आंतर्देशीयवर पाचशे शब्दांत किंवा पाकिटातून हजार शब्दांत. अठरा वर्षांपर्यंतचा गट वेगळा. विषय दर वर्षी जाहीर होतो. इंग्रजी, हिंदी किंवा स्थानिक भाषा चालते. आमच्या सीमाभागात मात्र 'स्थानिक' म्हणजे कोणती, हे पोस्टात आधी विचारून घ्यावं. इकडे हा शब्द साधा राहिलेला नाही.

तर, पैसे आधी मागतात की नंतर, एवढ्यावर मी ठरवत नाही. निबंध कोणी वाचणार आहे का, हे बघते. परीक्षकांची नावं छापलीत का? गेल्या वर्षीचे पहिले आलेले निबंध कुठं वाचायला मिळतात का? आणि निरोपात त्या निबंधाबद्दल, त्या एकाच निबंधाबद्दल, एखादं तरी वाक्य आहे का? या निरोपात नव्हतं. पोरीचं नाव काढून कोणाचंही घातलं असतं तरी तो चालला असता.

मग मी तिला निबंधच आणायला सांगितला. विषय नेहमीचाच, 'पर्यावरण रक्षण : काळाची गरज'. पहिले दोन परिच्छेद मीही झोपेत लिहीन असे. तिसऱ्यात मात्र तिची आजी आली. त्यांचं भाताचं शेत रस्त्यात गेलंय. तरी मिरीग निघाला की आजी गोणपाटाची खोळ काढते. आई विचारते, आता कुठं चाललात? तर आजी म्हणते, "पाणी कुठं तुंबलंय बघून येतो."

मी ते दोनदा वाचलं. वहीत त्या वाक्यातल्या 'येतो'वर लाल रेघ होती आणि वर 'येते' लिहिलं होतं. शाळेतनं पाठवलेल्या प्रतीत 'येते'च गेलं. आपल्याकडच्या बायका 'येतो, जातो' म्हणतात, हे पुण्या-मुंबईच्या परीक्षकाला खटकेल, अशी त्या बाईंना भीती वाटली असणार. दोष कसा देऊ? मीही घरी 'येतो'च म्हणते आणि छापायला 'येते' लिहिते.

याहून वाईट मी केलंय. वीस-बावीस वर्षं झाली असतील. एका मंडळाची स्पर्धा होती. माझ्या वर्गातल्या मुलानं त्यांच्या म्हशीवर लिहिलं होतं, वेडंवाकडं, पण वाचताना शेणाचा वास येईल असं. मी शाळेची अब्रू म्हणून बसले आणि ते 'सुधारलं'. म्हैस गोमाता झाली, गोठ्याजागी 'ग्रामीण जीवनाचे सौंदर्य' आलं. पहिला नंबर आला. बक्षीस समारंभ झाल्यावर त्यानं प्रमाणपत्र माझ्या टेबलावर आणून ठेवलं. म्हणाला, "बाई, हे तुमचं हाय." वर्षभर त्यानं माझ्या तासाला उत्तरांपलीकडे एक ओळ लिहिली नाही. ते प्रमाणपत्र अजून माझ्या कपाटात आहे. फेकवत नाही.

पुढे मी स्वतः परीक्षक झाले, तेव्हा दुसरी बाजू कळली. तीनशेवर निबंध, दोन संध्याकाळी आणि चहा. पहिल्या चाळणीत 'आजच्या धकाधकीच्या जीवनात'नं सुरू झालेले निघून जातात. एका शाळेचे चौदा निबंध शब्दाला शब्द सारखे निघाले होते. असं असूनही मी म्हणेन की चांगल्या स्पर्धेचा मुलांना उपयोग होतो. एरवी अर्धवट सोडलेलं तारखेच्या धाकानं पुरं होतं, पाचशेच शब्द म्हटल्यावर काय गाळायचं ते कळतं, आणि बाई नव्हे, आई नव्हे, अशा परक्या माणसाला समजेल असं लिहावं लागतं. बक्षीस आलं तर तो वरकड.

नियमांत आणखी एक ओळ बारीक अक्षरात होती : 'पाठवलेले साहित्य संस्थेच्या मालकीचे राहील.' वडिलांना म्हटलं, हे बघा. आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे पोरीनं लिहिलेलं पोरीचं. ते दुसऱ्याला द्यायचं तर लिहून, सही करून द्यावं लागतं, आणि ती अठराची नाही म्हणून कागद तुमच्यापुढे येणार. सही करायच्या आधी 'एकदा छापायची परवानगी' आणि 'मालकी' यातला फरक बघा. छापायला द्यावं. मालकी कशाला द्यायची?

ते म्हणाले, "म्हणजे फसवूलेत म्हणा की." मला तसं म्हणवेना. पुस्तक कदाचित निघेलही, ट्रॉफीही येईल. पण ते साडेचौदाशे रुपये निबंधाच्या गुणाचे नव्हते, नुसते छपाईचे होते. तेवढ्यात पोरीचे डोळे भरले. अकरातली अकरावी, हे तिला लागलं होतं. एवढ्या आनंदात आलेल्या पोरीला मीच खाली आणलं. मग मी तिला सांगितलं की खोळीचं वाक्य मी दोनदा वाचलं. का वाचलं, तेही सांगितलं. ती नाक पुसत ऐकत होती. वडील मोबाइल खिशात घालून पाळीला गेले.

आपल्या तालुक्यात कडोली, उचगाव, येळ्ळूर अशा गावांत साहित्य संमेलनं भरतात, वाचनालयांचे वर्धापनदिन असतात. त्या निमित्तानं निघणाऱ्या स्पर्धांत बक्षीस फार तर दोनशे रुपये आणि एक पुस्तक. पण परीक्षक ओळखीचे, आणि पहिला आलेला निबंध लोकांसमोर वाचून दाखवतात. अशाच एका वाचनालयाचं पत्रक माझ्याकडे आलं होतं. विषय खुला, शुल्क नाही. रविवारी पोर वही घेऊन आली. पहिले दोन परिच्छेद तिनं आपणहून गाळले होते, मी काही बोलले नव्हते. पुढं लिहिता लिहिता थांबली.

"बाई, इथं 'येते' लिहू की 'येतो'?"

"आजी काय म्हणते?"

"येतो."

मी चहा ठेवायला उठले. तिनं तोवर पान पालटलं होतं.