नोकरी नको गं बाई!

गेल्या शनिवारी मैत्रिणीचा फोन आला. आवाज एकदम खूश. ‘अगं, नोकरी लागतेय मला! घरबसल्या. महिना सात हजार.’ मी म्हटलं, ‘सही! पार्टी कधी?’ तर मॅडम गप्प. मग हळूच म्हणाली, ‘घेऊ का नको, तेच विचारायला फोन केलाय.’

सात हजार म्हणजे आपल्यातल्या काहींचा वीकेण्डचा खर्च, ठाऊक आहे. पण थांबा, गंमत पुढेच आहे.

ही माझी कॉलेजातली दोस्त. सेकंड इयरला अपघात झाला, मणक्याला मार बसला, तेव्हापासून व्हीलचेअर. सर्टिफिकेटवर ८५ टक्के अपंगत्व. (सरकारी भाषेत आता ‘दिव्यांग’. तिला स्वतःला हा शब्द जाम बोअर वाटतो.) वडील नाहीत, आई ब्लाउज शिवते. त्यात भर म्हणजे संजय गांधी निराधार अनुदान योजनेचे पैसे. १९८० पासूनची ही योजना. २०१९ पर्यंत महिन्याला ६०० रुपये मिळायचे, मग हजार झाले, २०२३ मध्ये दीड हजार आणि ऑक्टोबर २०२५ पासून अपंगांसाठी अडीच हजार. चांगलंच झालं, कोण नाही म्हणतंय?

अट एकच. अपंगांच्या बाबतीत कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न ५० हजारांच्या आत हवं. कुटुंबाचं बरं का, तिचं एकटीचं नाही. महिन्याला भागून बघा, ४,१६६ रुपये येतात. आता तिचे सात हजार गुणिले बारा केले की ८४ हजार. म्हणजे आईची एकही सुई न मोजता मॅडम ‘श्रीमंत’! अडीच हजार बंद, हातात जास्तीचे पडणार साडेचार.

‘तरी साडेचार आहेतच की,’ मी शहाणपणा केला. ती म्हणाली, ‘काँट्रॅक्ट तीन महिन्यांचं आहे. पुढे काय?’ पुढे परत उत्पन्नाचा दाखला, परत अर्ज, परत तालुक्याची समिती कधी बसते त्याची वाट. सात हजारांची नोकरी जाऊ शकते. अडीच हजार आज तरी खात्यात येतात. शिवाय तिचे खर्च आपल्यासारखे नाहीत. बसच्या पायऱ्या चढता येत नाहीत म्हणून प्रत्येक वेळी रिक्षा. कॅथेटर, उशी, उचलायला माणूस. हे कुठल्याच दाखल्यावर लिहिलेलं नसतं. इंग्लंडमध्ये २०१३ पासून याच जादा खर्चासाठी वेगळा भत्ता आहे, त्यात पगार किती हे विचारतच नाहीत. आपल्या २०१६ च्या कायद्यात मात्र अपंगांच्या पेन्शनला उत्पन्नमर्यादेची अट थेट लिहून ठेवलीय.

आणि आता खरा फंडा ऐका. समजा हीच मुलगी, हेच ८५ टक्के, पण पगार गलेलठ्ठ. जुन्या कररचनेत तीव्र अपंगत्वासाठी सव्वा लाखाची वजावट मिळते. तीस टक्क्यांच्या स्लॅबमध्ये असलात तर वर्षाला साडेसदतीस हजार वाचतात. तिथे कमाल उत्पन्नाची अटच नाही! आणि ब्लाउज शिवणाऱ्या आईच्या लेकीला वर्षाला तीस हजार, तेही रोडावलेला दाखला दाखवून. मी दोनदा कॅल्क्युलेटरवर करून बघितलं. उत्तर तेच.

कुणीतरी खोटा दाखला काढून पैसे लाटतं, म्हणून अटी हव्यात, हे मलाही पटतं. पण कमावायला लागलं की दोर एकदम कापायचा कशाला? कमाई वाढेल तसे पैसे हळूहळू कमी करता येणार नाहीत?

रविवारी तिच्या घरी गेले. सोमवारी दुपारपर्यंत कंपनीला कळवायचं होतं. कागदावर आकडे मांडून झाले, चहा दोनदा झाला. शेवटी तिने पेन खाली ठेवलं. ‘घेते मी. पण काम गेलं तर दाखला काढायला तू येशील ना माझ्याबरोबर? ऑफिस दुसऱ्या मजल्यावर आहे आणि लिफ्ट नाहीये.’

येईन म्हटलं.