दुर्बीण टाळता येईल का?

रविवारी पुण्याहून काकांचा फोन. लघवीतून दोनदा रक्त गेलं, दुखत मात्र काहीच नाही. "तुमच्या अमेरिकेत म्हणे नुसत्या लघवीवरून मूत्राशयाचा कॅन्सर कळतो. मग ती दुर्बीण कशाला आत घालून घेऊ?"

मी असल्याच सेन्सरवर काम करतो (पोटावर पाय म्हणा हवं तर!), तरी माझं मत: अजून दुर्बीण टाळू नये. एनएमपी-२२ या प्रथिनाच्या चाचणीला इथे १९९६ मध्ये परवानगी मिळाली. पण मुतखडा किंवा जंतुसंसर्ग असला तरी ते वाढतं. सायटॉलॉजीत, म्हणजे लघवीतल्या पेशी सूक्ष्मदर्शकाखाली बघताना, सौम्य प्रकारच्या गाठी बर्‍याचदा निसटतात. चाळीस वर्षं सिगारेट ओढलेल्या काकांच्या हातात निगेटिव्ह रिपोर्ट पडला की संपलंच, ते दवाखान्याची पायरी चढणार नाहीत.

"बघू," म्हणाले. उद्या काकूंनाच फोन करतो.