चौकट कोणाची?

संगणकाच्या पडद्यावरील खिडक्यांना निरनिराळ्या चौकटी बसविण्याचा जो उद्योग जगांतील कित्येक हौशी लोक गेलीं तीस वर्षें विनामूल्य करीत आले आहेत, त्यास 'रंगरंगोटी' म्हणून हिणविण्याची अलीकडे चाल पडली आहे. ज्यांना कांहीं खरें काम नाहीं ते थीम करीत बसतात, असें आमच्या महाविद्यालयांतील एका विद्वान स्नेह्यांनीं परवां चहाच्या वेळीं मला ऐकविलें. हे गृहस्थ ग्रंथ विकत घेतांना त्याच्या बांधणीचें कापड चिमटींत धरून पाहतात, ही गोष्ट मी त्या वेळीं बोललों नाहीं, येथें बोलतों.

प्रथम वस्तुस्थिति. १९८४ सालीं अमेरिकेंतील एम. आय. टी. या संस्थेंत 'एक्स' नांवाची जी खिडक्यांची व्यवस्था जन्मास आली, तिच्या कर्त्यांनीं एक गोष्ट जाणूनबुजून आपल्या हातीं ठेविली नाहीं. पडद्यावर खिडकी काढण्याचें साधन त्यांनीं दिलें; ती कशी दिसावी व कशी हालावी याचा निर्बंध घातला नाहीं. तें काम 'विंडो मॅनेजर' या वेगळ्या प्रोग्रॅमाकडे गेलें, आणि तो प्रोग्रॅम कोणता घ्यावा हें वापरणाराच्या मर्जीवर राहिलें. म्हणजे खिडकीच्या आंतला मजकूर मांडणारा एक आणि तिची चौकट बसविणारा दुसरा. थीम करणारांची सारी परंपरा या एका फटींतून उगवलेली आहे. १९९७ च्या सुमारास 'एन्लाइटन्मेंट'सारख्या मॅनेजरांवर लोकांनीं धातूच्या, दगडाच्या, वाटेल तसल्या चौकटी चढविल्या; त्यांतील पुष्कळ ओंगळ होत्या हें मी मान्य करतों. ओंगळ कविता पुष्कळ छापल्या जातात म्हणून वृत्तें कोणी सरकारजमा केलेलीं ऐकिवांत नाहींत.

मी वापरतों तो डेस्कटॉप 'एक्सएफसीई'. त्याच्या मॅनेजरची थीम म्हणजे एक साधा फोल्डर. चौकटीचे कोपरे, तिच्या बाजू, मथळ्याच्या पट्टीचे पांच तुकडे, खिडकी बंद करण्याचीं, मोठी करण्याचीं, दडविण्याचीं बटणें, यांचीं लहान लहान चित्रें त्यांत असतात. चालू खिडकीसाठीं एक संच, मागें पडलेल्या खिडकीसाठीं दुसरा. आणि सोबत 'थीमआरसी' नांवाची सूचनांची छोटी फाइल. हा फोल्डर योग्य जागीं ठेविला कीं काम झालें. प्रोग्रॅम लिहितां येण्याची गरज नाहीं; चित्र काढतां आलें कीं पुरे. मूळ संचांतच दालोआ, कोकोडी, मोहेली अशा नांवांच्या चौकटी येतात, आणि बाहेर लोकांनीं केलेल्या कितीतरी आहेत.

यांत एक खोड आहे. पट्टीची उंची चित्राच्या उंचीवरून ठरते, अक्षराच्या उंचीवरून नव्हे. रोमन लिपींत लिहिणारास याची फारशी अडचण भासत नाहीं. पण देवनागरीला डोक्यावर रफार आणि पायाशीं उकार असतात. माझ्या एका हस्तलिखिताच्या फाइलीचें नांव 'पूर्वार्ध'. डोळ्यांच्या सोयीसाठीं मीं मथळ्याचें अक्षर मोठें केलें, तेव्हां पट्टीनें वरचे दोन्ही रफार आणि खालचा दीर्घ उकार छाटून टाकला व मथळा 'पवाध' असा दिसूं लागला. तेव्हां कोण्या अनोळखी माणसानें करून ठेविलेल्या थीमचा फोल्डर उघडून मीं त्यांतील पट्टीचीं चित्रें आठ पिक्सेल उंच केलीं. एका दुपारचें काम. त्याच बैठकींत चौकटीची कड एका पिक्सेलाची होती ती सहांची केली, कारण मोतीबिंदू काढल्यापासून ती बारीक रेघ माऊसनें धरणें मला साधत नव्हतें. आणि चालू खिडकीची पट्टी गर्द किरमिजी केली. त्यापूर्वीं कोणती खिडकी चालू आहे हें न कळून मीं एकदां विद्यार्थ्यांचे गुण एका नातेवाइकास लिहावयाच्या सांत्वनपत्राच्या मधोमध टाइप केले होते. याला रंगरंगोटी म्हणावयाचें असेल, तर माझ्या चष्म्यालाही दागिना म्हणावें.

स्नेह्यांना इतकें उत्तर पुरे. खरे प्रतिपक्षी दुसरे आहेत, आणि ते कामाचे लोक आहेत. २०१९ च्या मे महिन्यांत ग्नोम या डेस्कटॉपसाठीं प्रोग्रॅम लिहिणाऱ्या मंडळींनीं लिनक्सचे संच वाटणारांना एक उघडें पत्र लिहून विनविलें कीं, आमच्या प्रोग्रॅमांवर तुमच्या थीम लादूं नका. त्यांचें गाऱ्हाणें खोटें नाहीं. परक्या थीममुळें कधीं अक्षर आणि त्यामागची जमीन एकाच रंगाची होते, कधीं बटणच दिसेनासें होतें, आणि बोल मात्र मूळ कर्त्यास लागतो. आपल्या घरीं कोणी हौसेनें फेरफार केला तर त्यास आमची हरकत नाहीं, असेंही त्यांनीं म्हटलें होतें. परंतु थीम मोडतात त्या कोणामुळें? ग्नोम ज्या जीटीके या साधनसंचावर उभें आहे, त्याच्याच ३.२० या आवृत्तीनें २०१६ सालीं रूपाचे नियम इतके बदलले कीं आधीं रचलेल्या कित्येक थीम पुन्हा मुळापासून रचाव्या लागल्या. पगार कोणालाच नव्हता. पुष्कळांनीं काम सोडून दिलें. स्थिर नियम द्यावयाचे नाहींत, आणि थीम टिकत नाहींत म्हणून थीमच नकोत असें म्हणावयाचें, हा न्याय मला समजत नाहीं.

शिवाय हरकत नाहीं म्हणणें निराळें आणि वाट मोकळी ठेवणें निराळें. २०१३ सालापासून ग्नोमनें अशी रीत पाडली कीं मथळ्याची पट्टी प्रोग्रॅमानेंच आपल्या पोटांत घ्यावी. अशा खिडकीस मॅनेजरची पट्टी बसतच नाहीं. माझा किरमिजी रंग तिच्या बाहेर उभा राहतो. पुढें २०२१ च्या अखेरीस 'लिबअद्वैता' हें साधन आलें, आणि त्यावर रचलेले प्रोग्रॅम वापरणारानें निवडलेली थीम विचारांतच घेत नाहींत. नांव आमच्याच दर्शनांतून उचललेलें. पण शंकराचार्यांनीं पूर्वपक्ष निदान मांडून तरी दाखविला होता. एक चोरवाट आहे: आपल्या फोल्डरांत सीएसएसची फाइल लिहून ठेविली तर रूप थोडेंफार बदलतें. परंतु ती लिहिणारानें पुढें तक्रार करावयाची नाहीं, आणि चित्रें काढणारा साधा हौशी माणूस तेथें निरुपयोगी ठरतो. या नव्या पट्टीचा एक गुण मात्र सांगितला पाहिजे. ती अक्षराप्रमाणें वाढते, आणि 'पूर्वार्ध' तिच्यांत सबंध दिसतो. माझी तक्रार तिच्या रचनेबद्दल नाहीं. तिच्यांत माझ्या डोळ्यांना जें कमी पडतें तें भरून काढण्यास मला मज्जाव कां, एवढीच आहे.

आणि हें अशक्य आहे असें कोणी सांगूं नये. एक्सएफसीईच्या मंडळींनींही २०२० च्या डिसेंबरांत ४.१६ या आवृत्तींत आपल्या सेटिंगच्या खिडक्यांना तीच नवी पट्टी लावली होती. लोकांनीं कुरकुर केली. २०२२ च्या डिसेंबरांत ४.१८ आली, तींत ती पट्टी नको असेल तर काढून टाकण्याची सोय होती. कोणाचें कांहीं बिघडलें नाहीं.

ग्नोमनेंही २०२४ च्या सप्टेंबरांत, ४७ व्या आवृत्तींत, बटणें वगैरेंना लावण्यासाठीं नऊ रंगांतून एक निवडण्याची मुभा दिली आहे. त्याबद्दल त्यांचे आभार. आतां तोच रंग चालू खिडकीच्या पट्टीसही लावतां यावा, आणि कडेची जाडी किती असावी हें वापरणारास ठरवूं द्यावें.